निवटी आणि मुत्सुगोरो

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना दोन-तीन आठवड्यांसाठी परदेशातल्या प्रयोगशाळेत नेणाऱ्या योजना आता बऱ्याच आहेत. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून त्यांत जाणारे मला तरी थोडेच भेटले. मी जपानला जाऊन आले, आणि त्यानंतर तिकडचे संशोधक विद्यार्थी आमच्या भाट्याच्या खाडीत उतरले. तेव्हापासून ज्युनियर मंडळी सारखी विचारतात, ‘ताई, नेमकं काय काय करावं लागतं?’ तोंडी सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून हे लिहून काढते आहे.

माझा विषय निवटी. खाडीकाठच्यांना तिची ओळख करून द्यायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: ओहोटीला पाणी मागे सरलं की उघड्या चिखलावर जेमतेम वीतभर लांबीचे, डोळे थेट डोक्यावर आलेले मासे परांवर रेटा देत सरकताना आणि मधूनच उडी मारताना दिसतात, त्या निवट्या. अंग ओलं असेल तोवर त्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ आरामात वावरतात. डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावर साचलेला डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर खरवडून खातात. बाजारात त्या जिवंतच येतात. घरी आणल्यावर राखेत नाहीतर जाड्या मिठात चोळून त्यांची बुळबुळ काढावी लागते, आणि मग चिंच घालून केलेलं कालवण आमच्याकडे दुपारचा भात संपवूनच थांबतं.

आपल्याकडच्या या निवटीचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी. त्याच प्रजातीतली दुसरी जात, बोलिओफ्थाल्मस पेक्टिनिरोस्ट्रिस, जपानमध्ये क्युशू बेटावरच्या आरिआके समुद्राच्या चिखलात राहते. तिकडे तिला मुत्सुगोरो म्हणतात, आणि तिकडचे लोकही ती आवडीने खातात. 2014 मध्ये निवट्यांच्या ज्या जातींचा जनुकसंच वाचला गेला त्यांत ही एक होती. तिच्यावर भरपूर काम झालंय. आपल्या निवटीवर त्या मानाने कमी. मुत्सुगोरो थंडीत बिळात शिरते आणि हवा तापल्यावरच वर येते. आपल्याकडे थंडी तशी नाहीच, पण पावसाळ्यात नद्यांचं पाणी उतरलं की खाडीचा खारेपणा पार खाली जातो. मग आपली निवटी तेव्हा काय करते? बिळात बसते, की खाडीच्या तोंडाकडच्या खाऱ्या पाण्याकडे सरकते? हा माझ्या प्रबंधातला प्रश्न होता आणि जपानला जायचं कारणही.

हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण अशा भेटीचा अर्ज या एका प्रश्नावर उभा राहतो. ‘मला आधुनिक तंत्रज्ञान शिकायचं आहे’ हे सगळेच लिहितात. ‘तुमच्याकडे थंडीत जे होतं ते आमच्याकडे पावसात होतं का, हे मला तुमच्या पद्धतीने मोजायचं आहे’ असं लिहिलं की समोरचा प्राध्यापक पत्र पुन्हा वाचतो. शिवाय काही योजनांत अर्ज विद्यार्थ्याने करायचाच नसतो. सकुरा सायन्स ही जपानच्या जेएसटी या सरकारी संस्थेची 2014 पासूनची योजना घ्या. तिच्यात अर्ज तिकडची यजमान संस्था करते. आमची भेटही यजमानानेच अर्ज करण्याच्या पद्धतीची होती. म्हणजे आधी ओळख, मग पत्रव्यवहार, मग दोघांनी मिळून दिवसवार आखलेला कार्यक्रम, आणि अर्ज सगळ्यात शेवटी. जाहिरात आल्यावर धावपळ सुरू केली तर वेळ हातात राहत नाही. आमचा पत्रव्यवहार जाहिरातीच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट आधीच काढून ठेवा, पोलीस पडताळणीला लागायचा तो वेळ लागतोच. विद्यापीठाचं ना-हरकत पत्र मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि वरची कचेरी अशा पायऱ्या चढून येतं. प्रत्येक पायरीवर स्वतः जाऊन उभं राहावं लागतं आणि त्यात कमीपणा मानू नये. फेलोशिप चालू असेल तर त्या काळाची रजा की कामावरची हजेरी, हे लेखी घ्या, नाहीतर परत आल्यावर पैसे अडकतात. व्हिसासाठी आमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र, हमीपत्र आणि मुक्कामाचा दिवसवार तक्ता हे तिन्ही कागद यजमानाकडून येतात. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतंय ना, हे त्यांच्याकडून मसुदा मागवून आधीच पाहा. अर्ज द्यायला मुंबई गाठायची तर रात्रीची कोकणकन्या बरी पडते. सकाळी उतरून काम करायचं आणि रात्री परत त्याच गाडीने निघायचं.

एका गोष्टीवर मात्र थांबायलाच हवं, कारण बरेच जण तिला किरकोळ समजतात. आपल्या खाडीतला मासा, त्याच्या कल्ल्याचा तुकडा, चिखलाची कुपीसुद्धा अशीच बॅगेत घालून परदेशी नेता येत नाही. 2002 चा जैवविविधता कायदा आहे, आणि त्याखाली चेन्नईला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आहे. परदेशी संशोधकाला आपली जैविक संपत्ती अभ्यासाला हवी असेल तर त्याला प्राधिकरणाची परवानगी लागते. सरकारने मान्य केलेल्या सहकार्य-प्रकल्पांना वेगळी वाट आहे, पण तो प्रकल्प मुळात तसा मान्य झालेला असावा लागतो. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, ‘नमुना जाणार नाही, प्रश्न जाईल आणि आकडे जातील.’ मला ही अट जाचक वाटली नाही. आपल्या किनाऱ्यावरून पूर्वी काय काय कुणी कुठे नेलं याची नोंदसुद्धा आपल्याकडे नाही. आता कायदा आहे तर तो पाळणारी पहिली माणसं आपण असायला हवीत.

आरिआकेला मी मेअखेरीस पोहोचले. मुत्सुगोरोच्या विणीचा तो काळ, चिखलावर नर उभे उसळ्या मारत होते. तिकडे भरती-ओहोटीतलं अंतर खाडीच्या आतल्या टोकाला जवळपास सहा मीटरपर्यंत जातं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणालाही त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे पाणी गेल्यावर चिखल नजर पोहोचेल तिथपर्यंत उघडा पडतो आणि त्यात चालणं अशक्य होतं. कोळी एका लांब फळीवर एक गुडघा टेकतात आणि दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून घसरत जातात. हातातली लांब काठी, तिच्या दोरीला गळ. माशाच्या पलीकडे गळ फेकायचा आणि झटक्यात ओढायचा. हे मी पाहिलं ते एका वयस्कर गृहस्थांकडून, आणि त्यांचा नेम चुकताना फारसा दिसला नाही. काशिमा गावात तर 1985 पासून दरवर्षी चिखलातल्या खेळांचा उत्सव भरतो. आपल्या खाजणाकडे लोकांनी असं प्रेमाने पाहावं, असं मला फार वाटलं.

प्रयोगशाळेत शिकले त्यात बिळाची गोष्ट सगळ्यात मोलाची. निवटीच्या बिळातल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. मग त्यात घातलेली अंडी जगतात कशी? नागासाकी विद्यापीठाच्या आत्सुशी इशिमात्सु यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की निवट्या तोंडात हवा भरून बिळात नेतात आणि आतल्या कोठीत साठवतात. त्यांचं ते काम मलेशियातल्या एका जातीवरचं. पुढे जपानमधल्या दुसऱ्या एका जातीत असं दिसलं की अंडी फुटायची वेळ झाली की बाप रात्रीच्या भरतीला ती हवा बाहेर काढून टाकतो. पाणी आत शिरतं आणि पिल्लं बाहेर पडतात. हे मी आधी वाचलं होतं. पण तिथल्या विद्यार्थिनीने बारीक कॅमेरा बिळात सोडला आणि कोठीच्या छताला चिकटलेली अंडी पडद्यावर दाखवली, तेव्हा आमच्या खाडीतल्या प्रत्येक भोकाकडे मी किती वरवर पाहात आले होते ते मला कळलं.

त्याच मुक्कामात आम्हाला इसाहाया उपसागराचा बांध दाखवायला नेलं. सुमारे सात किलोमीटर लांब. 14 एप्रिल 1997 ला 293 पोलादी पाट्या एकामागून एक खाली सोडून उपसागराचा आतला भाग समुद्रापासून तोडला गेला, तो चिखल सुकला आणि त्याची शेतजमीन झाली. बाहेरच्या कोळ्यांचा आणि आतल्या शेतकऱ्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षं न्यायालयांत चालला. तिथे उभी असताना मला आपली खारबंदिस्ती आठवल्याशिवाय कशी राहील? आपल्याकडेही खाडीचं पाणी अडवायला बांध घातले, उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं बसवली, आत भात पिकवला. त्यासाठी 1979 चा खारजमीन विकास कायदा आहे. फरक आकाराचा, आणि त्याहून मोठा फरक असा की आपले बांध जागोजाग फुटलेले आहेत. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं, पहिल्या काही वर्षांत शेत जातं, मग हळूहळू तिवर, मारांडी अशी कांदळवनातली झाडं उगवतात, आणि निवट्याही येतात. शेतकऱ्याचं नुकसान खरंच असतं, ते मी हलकं लेखत नाही. पण चिखल परत जिवंत होताना कसा होतो, हे बघायला जपानी विद्यार्थ्यांना आपल्याकडे यावंसं वाटलं ते याच कारणाने. परतीच्या भेटीचा विषय त्या बांधावरच ठरला.

ते आले जानेवारीत. तिकडे त्यांच्या मुत्सुगोरो बिळात गेलेल्या, इथे आपल्या निवट्या उन्हात. त्यांच्या येण्याआधीचं काम माझ्यावर होतं आणि ते माझ्या स्वतःच्या प्रवासापेक्षा जास्त निघालं. पर्यटक व्हिसावर येऊन संशोधन करता येत नाही, तेव्हा त्यांचा व्हिसा योग्य प्रकारचा हवा. ड्रोन आणायचा नाही, सॅटेलाइट फोन तर अजिबात नाही, हे मी पत्रात ठळक लिहिलं. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. तेव्हा त्यासाठी ‘सी फॉर्म’ होता. आमच्या होमस्टेच्या काकूंनी तो पहिल्यांदाच भरला. मी शेजारी बसले होते, पण माहिती त्यांनी स्वतः भरली आणि मग पाहुण्यांना आंबोळ्या वाढल्या. कांदळवनात शिरायचं तर वनखात्याला आधी कळवणंही आलंच.

खाडीत पहिल्या दिवशी कोणाच्या भरवशावर उतरायचं हा प्रश्नच नव्हता. लहानपणापासून ज्यांना मी खाडीवर बघत आले ते आमचे काका बरोबर होते. निघताना त्यांनी विचारलं, ‘आज तिथी काय गो बाय?’ पंचमी, म्हटलं. ‘मग पावणेचारला भरती. दहाच्या आतबाहेर सुकती. आठाला चिखलात पाय हवा.’ तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ. पाहुण्यांनी मोबाईलवर तक्ता उघडला, त्यात वेळ जरा आधीची होती. तक्ता बंदराच्या तोंडाचा, आणि आम्ही होतो खाडीत आत, जिथे पाणी उशिरा चढतं. प्रत्यक्षात पाणी काकांच्या वेळेजवळ वळलं. त्यांच्यातल्या एकाने वहीत तिथ्या मांडून गणित केलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीने पंचेचाळीस येतात. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे चूक साचत जात नाही. त्याला या हिशेबाचा मनापासून आनंद झाला आणि मलाही, कारण इतकी वर्षं वापरूनही मी तो असा उलगडून पाहिला नव्हता.

पुढचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निवट्या मोजायची आमची रीत अशी, की पीव्हीसी पाइपची एक मीटर चौरस चौकट चिखलावर ठेवायची आणि आतली भोकं मोजायची. जपानी मंडळी दुर्बिणीतून लांबून प्रत्यक्ष मासे मोजतात. दोन्ही आकडे जुळत नव्हते, कारण एका बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात आणि कुठलं तोंड कुणाचं ते वरून कळत नाही. काका बांधावर बसून आमची चर्चा ऐकत होते. ते उठून आले, एका भोकावर टाच ठेवली आणि हळूच दाबली. हातभर अंतरावरच्या दुसऱ्या भोकातून गढूळ पाणी फुगून वर आलं. मग तिसऱ्या भोकावर टाच. काहीच नाही. ‘ह्यो येगळा,’ म्हणाले. निवटी पकडताना ते हेच करतात: एका तोंडात पाय, दुसऱ्या तोंडाशी हात. आम्ही त्या चौकटीतली सगळी भोकं तशीच तपासली, ज्यांची जोडी लागली त्यांना एकाच रंगाच्या काड्या टोचल्या, आणि बिळांची संख्या भोकांपेक्षा बरीच कमी निघाली. दुर्बिणीच्या आकड्याच्या ती जवळ आली. त्या दिवसापासून चौकटीची मोजणी आम्ही टाच लावूनच करतो.

पुढचे दिवस फुटलेल्या बांधाच्या आत आणि बाहेर चौकटी टाकण्यात गेले. पाइपचा तुकडा चिखलात दाबून काढला की वरचा तपकिरी थर आणि खालचा काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा थर स्पष्ट वेगळे दिसायचे. जिथे निवट्यांची बिळं दाट, तिथे काळ्या थरात तपकिरी शिरा उतरलेल्या, कारण बिळाबरोबर ऑक्सिजनही खाली जातो. बांधाच्या आत, जिथे पाणी अलीकडेच परत यायला लागलंय, तिथे तशा शिरा कमी. हे निरीक्षण एका हिवाळ्यातल्या थोड्या दिवसांचं आहे. त्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही आणि वाचणाऱ्यांनीही काढू नये. चालताना पाहुण्यांचे गमबूट रुतत होते आणि अनवाणी चालावं तर कालवांच्या कपऱ्या पाय कापतात. त्यांनी तिकडून आणलेले अंगठा वेगळा असलेले पातळ रबरी तळव्याचे जोडे कामी आले. जाताना त्यांनी दोन जोड आमच्या प्रयोगशाळेला ठेवले. असं काहीतरी आपल्याकडे शिवून मिळायला हवं, कालवं काढणाऱ्या बायकांना ते रोज लागेल.

काकांना आणि चिखलात बरोबर उतरलेल्या दोघी मावश्यांना रोजची मजुरी द्यायची हे आम्ही आधीच अंदाजपत्रकात धरलं होतं. अशा योजनांच्या अर्जात मजुरीचा रकाना बहुतेक वेळा नसतो. तो मागून घ्यावा. पण पैशाने सगळं फिटत नाही. टाचेची रीत आमच्या लेखात येणार, तर ती कुणाकडून आली हे लेखात हवं. आणि गावातही तिची नोंद हवी. जैवविविधता कायद्यानेच ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. बऱ्याच ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. पाहुणे जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पंचायतीच्या खोलीत बसलो, काकांनी सांगितलं आणि मी लिहिलं: निवटी कुठे, कधी, कशी पकडतात, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांत, कमी का मिळते, बांध फुटल्यावर कोणत्या साली ती कुठवर आत आली. पाहुण्यांनी आरिआकेतल्या कोळ्यांची फळी आणि गळ यांची चित्रं दाखवली. मावश्यांनी त्यातल्या फळीबद्दल बारीकसारीक विचारलं: किती लांब, कुठल्या लाकडाची, बाईमाणसाला रेटेल का. सभेला आलेल्या शाळकरी मुलांचे प्रश्न तर संपेचनात.

विज्ञानातली अशी ये-जा आपल्या किनाऱ्याला नवी नाही. 1959 ते 1965 या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजं या पाण्यात आली, आपलं नौदलाचं ‘किस्तना’ही त्यात होतं, आणि त्याच कामातून 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ती आज गोव्यात, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. तेव्हा मोठी जहाजं लागली. आता एक नीट विचारलेला प्रश्न आणि दोन्हीकडचे चारचार विद्यार्थी पुरतात, पण त्यासाठी खाडीकाठच्या मुलामुलींनी अर्ज करायला हवेत. इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका. आमच्या पाहुण्यांचंही इंग्रजी आमच्यासारखंच होतं, चिखलात उतरल्यावर बोटाने दाखवून बरंच काम झालं.

आता माझ्याकडे उरलंय ते पावसाळ्यातलं काम. आषाढ-श्रावणात खाडी गोडी होते तेव्हा त्याच चौकटी, त्याच टाचेने मोजायच्या आहेत. दर आठवड्याला खारेपणा नोंदवायचा आणि आकडे जपानला पाठवायचे. ते त्यांच्या थंडीतल्या नोंदींशेजारी ठेवतील. एमएफएससीच्या, म्हणजे मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिकणाऱ्या दोघीजणी बरोबर यायला तयार आहेत. पुढच्या अर्जाच्या यादीत त्यांचीच नावं जातील, म्हणून पासपोर्टचे फॉर्म त्यांनी आत्ताच भरायला घेतले आहेत.